डोंगराची किंमत

छंद माणसाला पुष्कळ गोष्टी शिकवतो. पण तो शिकवीत असतो, तेव्हा ते आपल्या ध्यानात येत नाही. मी पोस्टाची तिकिटे जमवू लागले, ती केवळ रंगीत चित्रांच्या हौसेने. आम्ही तेव्हा अंधेरीला एका चाळीत राहत होतो. माझे वडील फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून होते. तेथे देशोदेशींची पत्रे येत. रिकामी पाकिटे केराच्या टोपलीत जाण्यापूर्वी त्यांवरचे तिकीट कोपऱ्यासकट कापून घ्यावे आणि संध्याकाळी घरी आल्यावर माझ्या हातावर ठेवावे, असा त्यांचा नेम होता. ते कागदाचे तुकडे मी वाटीभर पाण्यात भिजत घाली. डिंक सुटला की तिकीट अलगद वेगळे होई. मग ते टीपकागदावर पालथे घालून सुकवायचे, जाड पुस्तकात दाबून सरळ करायचे आणि वहीत लावायचे. या सगळ्या खटाटोपात तिकिटाच्या कडेचा एकही दाता तुटता कामा नये, हा माझा पहिला धडा होता.

वहीत मी निरनिराळी पाने केली होती. राजेराण्यांचे एक पान, पशुपक्ष्यांचे एक, आगगाड्यांचे एक. पण माझे सर्वांत आवडते पान डोंगरांचे. एवढा थोरला पर्वत, आणि तो बोटभर कागदावर मावतो कसा, याचे मला मोठे नवल वाटे. त्याहूनही नवल वाटे ते त्या चित्राच्या कोपऱ्यात छापलेल्या आकड्याचे. प्रत्येक पर्वतावर त्याची किंमत छापलेली असे! कोठे तीन सेंट, कोठे दहा फ्रँक, कोठे चौदा आणे. दुकानातल्या वाणसामानाप्रमाणे पर्वतांचाही भाव ठरलेला असतो, असे मला वाटू लागले. आणि कोणता पर्वत महाग, कोणता स्वस्त, याचा हिशेब मी वहीच्या शेवटच्या पानावर मांडू लागले.

या हिशेबात मोठ्या गमती आहेत. स्वित्झर्लंडने १९१४ साली आपल्या पर्वतप्रदेशाची काही किमती तिकिटे काढली. त्यांतल्या तीन फ्रँकच्या तिकिटावर मिथेन नावाची लहान शिखरे आहेत, तर दहा फ्रँकच्या तिकिटावर बर्फाच्छादित युंगफ्राऊ आहे. जितका डोंगर उंच, तितके तिकीट महाग, असा हा न्याय. न्यूझीलंडचा न्याय निराळा. त्या देशाने १८९८ साली निसर्गदृश्यांची एक तिकीटमाला काढली. त्या काळी बहुतेक देशांच्या तिकिटांवर राजाराण्यांचे मुखवटे, नाही तर राजचिन्हे असत. न्यूझीलंडने मात्र आपली सरोवरे, पक्षी आणि पर्वत छापले. माउंट कुक हे त्या देशातले सर्वांत उंच शिखर. ते त्यांनी मालेतल्या सर्वांत स्वस्त अशा अर्ध्या पेनीच्या तिकिटावर छापले, आणि सर्वांत महाग अशा पाच शिलिंगांच्या तिकिटावरही छापले. ही तिकिटे माझ्या वहीत नव्हती. त्यांची चित्रे मी पुढे एका पुस्तकात पाहिली. पण ती पाहून माझा हिशेब साफ चुकला. एकाच पर्वताच्या दोन किमती कशा?

तिकिटावरचा डोंगर नुसता शोभेपुरता असतो, असेही नाही. एकदा तर अशा एका डोंगराने मोठ्या राजकारणात भाग घेतला. अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन महासागर जोडणारा कालवा मध्य अमेरिकेत खणायचा होता. तो निकाराग्वातून न्यावा की पनामातून, याबद्दल अमेरिकेच्या सेनेटमध्ये वाद चालला होता. निकाराग्वाने १९०० साली काढलेल्या एका तिकिटावर मोमोतोम्बो या ज्वालामुखीचे चित्र होते आणि त्याच्या माथ्यातून धूर निघत होता. पनामाचा कैवार घेणाऱ्या ब्युनो-व्हारिया या फ्रेंच इंजिनिअराने १९०२ साली ती तिकिटे मिळवली आणि सेनेटच्या प्रत्येक सभासदाकडे एकेक धाडून दिले. त्याच वर्षी मे महिन्यात मार्टिनिक बेटावर ज्वालामुखीचा स्फोट होऊन एक सबंध शहर भस्मसात झाले होते. ते ताजे असताना हे धूर सोडणारे चित्र हाती पडले. सेनेटने पनामाच्या बाजूने कौल दिला. एका तिकिटानेच सारे घडवले, असे कोणी म्हणणार नाही. पण हजार शब्दांनी जे डोळ्यांपुढे उभे राहत नाही, ते बोटभर चित्राने उभे राहते, एवढे खरे.

आपल्या देशाच्या तिकिटांवर पर्वत आला, तो १९५३ साली. २९ मे या दिवशी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले; आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला भारत सरकारने त्या विजयाची दोन तिकिटे काढली. एक दोन आण्यांचे, दुसरे चौदा आण्यांचे. साध्या पत्राला तेव्हा दोनच आणे पडत. त्यामुळे जगातले सर्वांत उंच शिखर गरिबाच्या पाकिटावरही जाऊन बसले. ही तिकिटे नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापली जात. म्हणजे हिमालयाचे चित्र सह्याद्रीच्या पलीकडे तयार होई आणि कसाऱ्याचा घाट उतरून आमच्याकडे येई. वडिलांनी हे सांगितले, तेव्हा मला फार मौज वाटली. एका पर्वताने दुसऱ्या पर्वताला खांद्यावरून उतरवून आमच्या घरी पोहोचते करावे, तसे ते वाटले.

पुढे २६ जानेवारी १९५५ रोजी पंचवार्षिक योजनेची नवी तिकीटमाला निघाली. तीन पैच्या तिकिटावर ट्रॅक्टर, दोन आण्यांच्या तिकिटावर चरखा चालवणारी स्त्री, दहा आण्यांवर आपल्या मुंबईचा मरीन ड्राइव्ह. चौदा आण्यांच्या तिकिटावर काश्मीरचा डोंगराळ देखावा होता, आणि दीड रुपयाच्या तिकिटावर होते कांचनगंगा शिखर. दीड रुपया! त्या पैशांत बारा पत्रे गेली असती. मी तेव्हा दहा वर्षांची होते. कोरे तिकीट विकत घेण्याची गोष्टच नव्हती. आणि वापरलेले तरी कोठून मिळावे? एवढे भारी तिकीट लागे ते परदेशच्या टपालाला किंवा वजनदार पुडक्यांना. त्यामुळे युरोप-अमेरिकेचे डोंगर आमच्या चाळीत येत, आणि आपले डोंगर मात्र परदेशी निघून जात.

त्याच साली मे महिन्यात कांचनगंगेविषयी एक बातमी आली. चार्ल्स इव्हान्स यांच्या तुकडीतले जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे दोघे ब्रिटिश गिर्यारोहक २५ मे रोजी त्या शिखरावर चढले. पण अगदी माथ्यावर त्यांनी पाऊल ठेवले नाही. सिक्कीमचे लोक त्या पर्वताला देव मानतात. त्याचा माथा आम्ही तुडवणार नाही, असे वचन त्यांना दिलेले होते. म्हणून थोडीशी चढण उरली असता ते दोघे थांबले आणि परत फिरले. कोणी पाहायला नव्हते, कोणी विचारायला येणार नव्हते. तरी ते थांबले. वडिलांनी हे मला समजावून सांगितले, आणि तेव्हापासून कांचनगंगेचे तिकीट आपल्या वहीत असावे, असे मला फार वाटू लागले.

ते तिकीट मला मिळवून दिले आमच्या शेजारच्या काकूंनी. काकूंचा एकुलता मुलगा इंग्लंडात मँचेस्टरला कापडाच्या धंद्याचे शिक्षण घेण्यासाठी गेला होता. आम्ही मुले त्याला दादा म्हणत असू. काकूंना लिहिता येत नसे. दर पंधरा दिवसांनी त्या माझ्यापुढे पाट मांडून बसत आणि मी त्यांचे पत्र लिहीत असे. पत्रात नेहमी तेच असे. थंडीत जपून राहावे, वेळेवर जेवावे, आणि शेवटी, केव्हा येतोस ते कळवावे. दादा दोन वर्षांनी परत यावयाचा होता. पण शिक्षण संपल्यावर त्याला तेथेच नोकरी लागली आणि येण्याची तारीख पुढे पुढे जाऊ लागली. उत्तर वाचून दाखवताना तारखेची ओळ आली की माझा आवाज आपोआप हळू होत असे.

एकदा काकूंनी त्याच्यासाठी मेतकूट आणि भाजणी केली. डबा मांजरपाटाच्या तुकड्यात शिवला, शिवणीवर लाखेचे ठिपके दिले, आणि मला बरोबर घेऊन त्या पोस्टात गेल्या. वजन झाले. कारकुनाने टेबलाचा खण उघडला आणि इतर तिकिटांबरोबर कांचनगंगा बाहेर काढली! माझ्या डोळ्यांदेखत तिला डिंक लागला, ती मांजरपाटावर चिकटली, तिच्यावर काळा शिक्का बसला आणि ती निघून गेली. माझा चेहरा पाहून काकूंनी कारण विचारले. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, मग त्यात रडायचं काय? पुढच्या पत्रात लिही त्याला, म्हणावं, डब्याचं फडकं टाकू नकोस."

तीन महिन्यांनी दादाचे जाडसर पाकीट आले. त्यात मांजरपाटाचा चौकोनी तुकडा होता आणि त्यावर कांचनगंगा होती. तिकीट मी पाण्यात घातले नाही. कापडासकट तसेच वहीत लावले. पुष्कळ दिवस त्या पानाला मेतकुटाचा वास येत असे.

आता आमच्या घरच्या डोंगराकडे वळते. आमच्या चाळीच्या गॅलरीतून एक काळा कडा दिसे. नकाशात त्याचे नाव गिल्बर्ट हिल. आम्ही त्याला गावदेवीचा डोंगर म्हणत असू. माथ्यावर देवीचे देऊळ आहे आणि वर जायला खडकात पायऱ्या आहेत. नवरात्रात काकू मला घेऊन तेथे जात. त्या डोंगराची उंची सुमारे २०० फूट. हिमालयापुढे तो खडाच! म्हणून की काय, मी रोज त्याच्याकडे पाहत असूनही तो माझ्या डोंगरांच्या हिशेबात कधी आला नव्हता.

१९५७ सालच्या आरंभी शाळेतल्या एका मैत्रिणीकडून मला अदलाबदलीत एक अमेरिकन तिकीट मिळाले. किंमत तीन सेंट. त्यावर डेव्हिल्स टॉवर नावाचा खडक होता. सपाट माथा, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत उभे खांब एकमेकांना चिकटवून ठेवावेत तसे त्याचे अंग. मी ते चित्र घेऊन गॅलरीत आले. समोर पाहिले. पुन्हा चित्र पाहिले. मग धावत काकूंकडे गेले.

काकूंनी चष्मा लावून चित्र न्याहाळले. "हा तर आपला गावदेवीचा डोंगर! तिकडच्या लोकांनी केव्हा पाहिला गं हा?"

तो अमेरिकेतला दुसराच डोंगर आहे, असे मी सांगितले. तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे आपल्या डोंगराला भाऊ आहे तर!"

काकूंचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्ह्याचे थरावर थर पसरत होते. त्याच काळात अंधेरीचा हा खडक घडला. तापलेला रस थिजताना आकसतो, आकसताना त्याला उभ्या चिरा पडतात, आणि खांबांची रास उभी राहते. डेव्हिल्स टॉवरचा खडक जातीने वेगळा आणि आकाराने पुष्कळ मोठा, पायथ्यापासून ८६७ फूट उंच. पण खांब घडण्याची रीत तीच. फरक आहे तो दुसऱ्या एका गोष्टीत. अमेरिकेने १९०६ सालीच तो खडक राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केला आणि त्याला पन्नास वर्षे झाली म्हणून १९५६ साली त्याचे तिकीट काढले. आमच्या डोंगराच्या पायथ्याशी मात्र तेव्हा खाणी चालत. दुपारी सुरुंगाचा आवाज झाला की चाळीतली भांडी किणकिणत. मग खडीने भरलेल्या मालमोटारी रस्त्याने जात. मुंबईची उपनगरे वाढत होती. घरांना, रस्त्यांना दगड हवा होता. तो दगड कोठून तरी यावयाचा होताच.

त्या दिवशी मी ठरवले की, आपल्या डोंगराचे तिकीट आपणच काढायचे. जाड कागदाचा तुकडा घेतला. गॅलरीत बसून गावदेवीचा डोंगर काढला. डावीकडे त्याचा पुढे आलेला खांदा, उजवीकडे पायऱ्या, वर देऊळ. कडेला सुईने भोके पाडून दाते केले. मागे तारीख घातली. आता कोपऱ्यात किंमत घालायची राहिली. तेथे माझे अडले. नुकतीच, १ एप्रिलपासून, दशमान नाणी सुरू झाली होती. आण्यांची तिकिटे जाऊन नव्या पैशांची येत होती.

"काकू, किंमत किती घालू? आणे घालू की नवे पैसे?"

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "काही घालू नकोस. जे विकायचं नाही, त्यावर किंमत कशाला हवी?"

मी कोपरा कोरा ठेवला. ते चित्र काकूंनी पुढच्या पत्रात घालायला सांगितले. त्या पत्रात, केव्हा येतोस, हे त्यांनी लिहवले नाही. दादाचे उत्तर या वेळी लवकर आले. चित्र टेबलासमोरच्या भिंतीवर लावले आहे, असे त्याने कळवले होते, आणि खाली विचारले होते, "पायऱ्या अजून आहेत ना?"

दादा १९६० साली परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो, काकू आणि मी डोंगराकडे गेलो. पायथ्याशी तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "आई, डोंगर लहान झाला गं."

"तू मोठा झालास," काकू म्हणाल्या.

"नाही," असे म्हणून त्याने पाकिटातून माझे चित्र काढले आणि डोंगरासमोर धरले. चित्रात डावीकडे पुढे आलेला खांदा होता. समोर तो नव्हता. जेथे तो होता तेथे नुकत्याच फुटलेल्या दगडाचा उजळ, ओबडधोबड कडा होता. तीन वर्षे रोज गॅलरीतून पाहणाऱ्या आम्हांला जे दिसले नाही, ते त्या चित्राने एका क्षणात दाखवले. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी चपला काढल्या, पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार केला आणि त्या वर चढू लागल्या.

त्यानंतर कित्येक वर्षे गेली. आपल्या तिकिटांवर डोंगर येतच राहिले. १९८४ साली दीड रुपयाच्या तिकिटावर सिंहगड आला. १९८८ साली हिमालयाच्या शिखरांची माला निघाली. तीत नंदादेवी होती, कांचनगंगाही होती. १९९३ साली नेरळहून माथेरानचा डोंगर चढणारे लहानगे इंजिन एक रुपयाच्या तिकिटावर आले. गिल्बर्ट हिलला मुंबई महानगरपालिकेने २००७ साली वारसास्थळाचा दर्जा दिला. आता त्याच्याभोवती इमारतींची दाटी आहे आणि दुरून तो सहजासहजी दिसत नाही; पण जेवढा उरला, तेवढा उभा आहे.

माझा लहानपणचा हिशेब मी पुढे पुसून टाकला. तिकिटावर छापलेला आकडा हा पत्र पोहोचवण्याची मजुरी असते. चित्रातल्या पर्वताशी त्याचा काही संबंध नसतो. माउंट कुक अर्ध्या पेनीलाही तेवढाच उंच आणि पाच शिलिंगांनाही तेवढाच. पण माणसाचा स्वभाव असा आहे की, ज्यावर आकडा छापलेला आहे ते तो दाते न मोडता जपून ठेवतो. आणि ज्यावर छापलेला नाही, त्याला स्वतःच काहीतरी आकडा लावतो. आमच्या डोंगराच्या खांद्याला लागला तो खडीचा भाव होता.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी मुलुंडला राहत असेल, त्याला घरामागे येऊरकडच्या टेकड्या दिसत असतील. बोरिवलीच्या मुलांना राष्ट्रीय उद्यानाची रांग दिसत असेल. तिच्यातच कान्हेरीची लेणी आहेत. घाटकोपरच्या मुलांनी घरांनी झाकून गेलेल्या टेकड्या पाहिल्या असतील. एखाद्या रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि तुमच्या खिडकीतून दिसणारा डोंगर नीट पाहून काढा. त्याचा खांदा कोठे आहे, झाडे कोठवर आहेत, उघडा खडक कोठे आहे, सारे जसेच्या तसे काढा. मागे तारीख घाला. किंमत मात्र घालू नका.